दम्याच्या पेशंटला काय विचारायचं आणि कोणत्या प्रश्नावलीनं

प्रश्न असा आहे. श्वसनरोगशास्त्रात एमडी करणारे दुसऱ्या वर्षाचे एक रेसिडेंट डॉक्टर थिसिससाठी दम्याचे ६० प्रौढ पेशंट घेणार आहेत. सगळ्यांचे नेहमीचे इनहेलर चालू राहतील. त्यांतल्या ३० जणांना फिजिओथेरपिस्ट १२ आठवडे श्वसनाचे व्यायाम शिकवतील. त्यानं पेशंटला खरोखर बरं वाटतं का, हे पेशंटच्याच उत्तरांवरून मोजायचं आहे. एसीटी (अस्थमा कंट्रोल टेस्ट), एसीक्यू (अस्थमा कंट्रोल क्वेश्चनेअर), एक्यूएलक्यू (अस्थमा क्वालिटी ऑफ लाइफ क्वेश्चनेअर) आणि एसजीआरक्यू (सेंट जॉर्जेस रेस्पिरेटरी क्वेश्चनेअर) या चार प्रश्नावल्यांची नावं त्यांनी वाचली आहेत. गाईड म्हणतात चारही भरून घे, काही ना काही निघेल. ते विचारतात, सगळ्यांत चांगली कोणती?

डॉक्टर, चारही घेऊ नका. एसीटीचे ५ प्रश्न, एसीक्यूचे ७, एक्यूएलक्यूचे ३२ आणि एसजीआरक्यूचे ५०. एसीक्यूतला सातवा आकडा स्पायरोमेट्रीचा, म्हणजे फुंकर मारून फुप्फुसांची क्षमता मोजण्याच्या चाचणीचा असतो, तो सोडला तरी पेशंटला एका बैठकीत ९३ प्रश्न होतात. पहाटेची एसटी पकडून आलेली, सकाळपासून फक्त चहावर असलेली बाई विसाव्या प्रश्नानंतर प्रश्न ऐकणं सोडते. पुढची सगळी उत्तरं मधल्या घरात पडतात. असे फॉर्म मी गठ्ठ्यानं पाहिले आहेत. शेवटच्या दोन पानांवर एकाखाली एक तोच आकडा. शिवाय चार प्रश्नावल्या आणि त्यांचे पोटविभाग धरले की दहाच्या वर तुलना होतात. त्यांतल्या एखादीची पी-व्हॅल्यू नुसत्या योगायोगानं ०.०५ च्या खाली येते, म्हणजे नसलेला फरक खरा भासतो, आणि बाहेरून आलेला परीक्षक नेमकं तिथंच बोट ठेवतो.

'सगळ्यांत चांगली कोणती' याला मी सरळ उत्तर देऊ शकत नाही, कारण ते तुमच्या व्यायामानं पेशंटमध्ये काय बदलायचं आहे यावर ठरतं. दम्यात तीन गोष्टी वेगवेगळ्या असतात आणि आपण ओपीडीच्या घाईत त्या एकच धरतो. तीव्रता म्हणजे दमा ताब्यात ठेवायला किती औषध लागतं. नियंत्रण म्हणजे गेल्या काही दिवसांत लक्षणं किती आली. आणि तिसरी, पेशंटच्या जगण्यावर पडलेला भार: दम्यामुळे काय करता येत नाही, कशाची धास्ती वाटते, काय टाळावं लागतं. भरपूर औषध लागणाऱ्या माणसाचा दमा छान ताब्यात असू शकतो. आणि लक्षणं मोजकीच असलेला माणूस भीतीनं घरात बसलेला असू शकतो. एसीटी आणि एसीक्यू नियंत्रण मोजतात, एक्यूएलक्यू आणि एसजीआरक्यू भार मोजतात. तीव्रता प्रश्नावलीनं मोजायचीच नसते, ती औषधांच्या पायरीवरून ठरते.

आता तुमचे व्यायाम. श्वसनाच्या व्यायामानं श्वासनलिकेची सूज उतरते असं दिसलेलं नाही. ब्रिटनमध्ये ६५५ पेशंटवर झालेली मोठी चाचणी २०१८ साली प्रसिद्ध झाली. काहींना डीव्हीडीवरून व्यायाम शिकवले, काहींना समोरासमोर, बाकीच्यांना नेहमीचे उपचार. वर्षभरानं व्यायामाच्या दोन्ही गटांत एक्यूएलक्यूचे गुण सुधारलेले होते. एफईव्ही१ (स्पायरोमेट्रीत पहिल्या सेकंदात जोरानं बाहेर टाकलेली हवा) मात्र जिथल्या तिथं. म्हणजे तुम्ही मुख्य मापन म्हणून स्पायरोमेट्री ठेवलीत, तर व्यायामाचा उपयोग होऊनही थिसिसमध्ये 'फरक नाही' असं लिहाल. सूज न उतरता ज्या गोष्टी सुधारू शकतात, म्हणजे धाप लागल्यावरची घाबरगुंडी, जिना चढायची हिंमत, झोप, त्या जिथं विचारल्या जातात ती प्रश्नावली तुम्हाला हवी. एक्यूएलक्यूच्या घराण्याकडे मी वळतो ते या कारणानं.

तरी आधी एसीटीबद्दल सविस्तर लिहितो, कारण तुमच्या ओपीडीत ती बहुधा आधीपासून चालू असेल. गेल्या चार आठवड्यांवरचे पाच प्रश्न: कामात अडथळा, धाप, रात्री-पहाटे जाग, आराम देणाऱ्या पंपाचा किंवा नेब्युलायझरचा (औषधाची वाफ देणाऱ्या यंत्राचा) वापर, आणि दमा किती ताब्यात आहे याबद्दल पेशंटचं स्वतःचं मत. प्रत्येकाला १ ते ५ गुण, एकूण ५ ते २५. २० किंवा जास्त म्हणजे चांगलं नियंत्रण, १५ किंवा कमी म्हणजे फार वाईट. एका माणसात ३ गुणांचा फरक पडला तर तो अर्थपूर्ण धरतात. दोन मिनिटांत होते आणि रोजच्या कामाला उत्तम आहे. पण आपल्याकडे ती कुठं फसते ते एका उदाहरणानं सांगतो.

पंचेचाळिशीच्या एक मावशी फॉलोअपला आल्या होत्या. बरोबर सून. विचारलं तर म्हणाल्या, "काय न्हाई, बरी हाय की." एसीटी भरली. कामात अडथळा: कधीच नाही, ५. धाप: आठवड्यातून तीन-चार वेळा, ३. रात्रीची जाग: नाही, ५. पंपाचा वापर: अजिबात नाही, ५. स्वतःचं मत: थोडाफार ताब्यात, ३. बेरीज २१. कागदावर दमा उत्तम ताब्यात. मी फक्त एवढंच विचारलं, की गेल्या दिवाळीला काय करत होता जे आता करत नाही? आधी गप्प बसल्या. मग सांगायला लागल्या. चुलीपुढं बसणं सोडलंय, भाकरी सून करते. देवळाच्या पायऱ्या चढणं सोडलंय. खुरपायला जाणं बंद. आणि पंप? "त्यो संपून दीड महिना झाला."

म्हणजे कामात अडथळा येत नव्हता, कारण काम उरलंच नव्हतं. पंपाच्या प्रश्नाला पूर्ण गुण मिळाले, कारण पंपच नव्हता. एसीटी खोटं बोलली नाही, तिनं विचारलं त्याचं उत्तर मावशींनी प्रामाणिकपणे दिलं. पण तिच्यात 'तुम्ही काय टाळता' हा प्रश्न नाही, आणि पंप घरात आहे असं ती गृहीत धरते. आपले कितीतरी पेशंट धाप लागली की मेडिकलमधून डेरिफिलिनची गोळी घेतात किंवा गावातल्या डॉक्टरकडे जाऊन इंजेक्शन घेतात. ते या पाच प्रश्नांत कुठंच उमटत नाही. यावर प्रश्नावलीतले शब्द बदलू नका, त्यानं गुणांना काही अर्थ उरत नाही. वेगळ्या कागदावर दोन नोंदी ठेवा: आज जवळ चालू पंप आहे का, आणि गेल्या चार आठवड्यांत दम्यासाठी गोळी किंवा इंजेक्शन किती वेळा.

एसीक्यूचं थोडक्यात. ती एलिझाबेथ ज्युनिपर यांनी तयार केली आणि १९९९ साली प्रसिद्ध झाली. गेल्या एका आठवड्यावर प्रश्न, गुण ० ते ६ आणि सगळ्यांची सरासरी. इथं कमी म्हणजे चांगलं: ०.७५ किंवा खाली असेल तर चांगलं नियंत्रण, १.५ किंवा वर असेल तर नियंत्रण नाही, आणि ०.५ चा बदल अर्थपूर्ण. औषधाच्या चाचण्यांमध्ये ती खूप वापरतात. तुम्ही महिन्याच्या अंतरानं पेशंटला बोलावणार असाल, तर एका आठवड्याची खिडकी मला अरुंद वाटते. मधले तीन आठवडे काय झालं ते कळत नाही. म्हणून नियंत्रणासाठी तुम्ही एसीटीच ठेवा.

एक्यूएलक्यूही ज्युनिपर यांचीच, कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठातली, १९९२ ची. गेल्या दोन आठवड्यांवरचे ३२ प्रश्न चार भागांत विभागलेले: लक्षणं १२, हालचालींवर मर्यादा ११, भावना ५, आणि धूर-धूळ-वास यांसारखा भोवतालचा त्रास ४. प्रत्येकाला १ ते ७ गुण आणि मग सरासरी. इथं जास्त म्हणजे चांगलं. अर्थपूर्ण बदल ०.५. तिच्या मूळ रूपात मला फार आवडणारी एक सोय आहे. हालचालींच्या ११ प्रश्नांपैकी पाच हालचाली पेशंट स्वतः निवडतो आणि पुढच्या प्रत्येक भेटीत त्याला त्याच पाचांबद्दल विचारायचं असतं. वरच्या मावशी तिथं चूल, देवळाच्या पायऱ्या आणि खुरपणी सांगतील. माझ्या एका वारकरी पेशंटनं पहिलीच हालचाल सांगितली ती दिवे घाट चढणं. त्याच्या जगण्यात दम्यानं काय केलंय ते या तीन शब्दांत आलं. 'मध्यम श्रमाच्या हालचाली' असं विचारून ते कधीच आलं नसतं.

याची अडचण अशी की हे मूळ रूप भरून घ्यायला वेळ आणि सराव लागतो, आणि प्रत्येकाच्या हालचाली वेगळ्या असल्यानं तुलना करताना परीक्षक प्रश्न काढतात. नंतरच्या प्रमाणित रूपात या पाच हालचाली सगळ्यांसाठी सारख्या केल्या. १५ प्रश्नांचं छोटं रूपही आहे, मिनी एक्यूएलक्यू. तुमच्याकडे भरून घेणारा माणूस एकच असेल आणि ओपीडीतच घ्यायचं असेल तर मिनी घ्या. सवडीनं बसवून घेण्याची सोय असेल, तर ३२ प्रश्नांची प्रमाणित घ्या. मी तुमच्या जागी मिनी घेतली असती आणि पेशंटनं स्वतः सांगितलेल्या दोन हालचाली वेगळ्या कागदावर नोंदवल्या असत्या. त्यांचे गुण धरायचे नाहीत, चर्चेच्या प्रकरणात वापरायच्या.

एसजीआरक्यू सोडून द्या. लंडनच्या सेंट जॉर्जेसमध्ये पॉल जोन्स यांनी ती दमा आणि सीओपीडी (बहुधा विडी-सिगारेट किंवा धुरामुळे होणारा फुप्फुसाचा जुनाट आजार) दोन्हींसाठी केली. गुण ० ते १००, जास्त म्हणजे वाईट, ४ गुणांचा बदल अर्थपूर्ण. सीओपीडीत तिला तोड नाही. पण तुम्ही दम्याचेच पेशंट घेताय आणि विडी ओढणारे वगळणार असाल, तर ५० प्रश्नांचं ओझं कशाला? लहान मुलं घेणार असता तर सगळंच वेगळं झालं असतं. ४ ते ११ वर्षांसाठी एसीटीचं मुलांचं रूप आहे, त्यातले चार प्रश्न मूल चेहऱ्यांची चित्रं बघून सोडवतं आणि तीन पालक.

तर निवड झाली: मुख्य मापन मिनी एक्यूएलक्यू, दुय्यम एसीटी, आणि तिसरं म्हणजे अटॅकची मोजणी. ही मोजणी विसरू नका, कारण दोन्ही प्रश्नावल्यांना अटॅक कळत नाही. तीन महिन्यांत दोनदा ॲडमिट झालेला माणूस नेमका भेटीआधीच्या दोन आठवड्यांत ठणठणीत असू शकतो. तोंडावाटे स्टिरॉइडचा तीन दिवस किंवा जास्त कोर्स, दम्यासाठी कॅज्युअल्टीत जावं लागणं, ॲडमिट होणं, या तिन्हींची तारखेसकट नोंद ठेवा. आणि एक प्रश्न माझ्या आग्रहाखातर: 'गेल्या महिन्यात दम्यामुळे किती खाडे झाले?' मजुरीवर जाणारा माणूस खाड्यांचा आकडा बोटावर सांगतो. 'जीवनमान' म्हटलं की तो गोंधळतो.

आता ६० ह्या आकड्याबद्दल. दोन गटांच्या सरासरीत ०.५ चा फरक पकडायचा, प्रमाण विचलन (गुणांचा पसारा) १ धरायचं, पॉवर (खरा फरक असला तर तो सापडण्याची शक्यता) ८० टक्के आणि योगायोगाला फसण्याची पातळी ५ टक्के, असं गणित मांडलं तर प्रत्येक गटात ६३ लागतात. म्हणजे १२६. सुरुवातीचे गुण विचारात घेऊन विश्लेषण केलंत आणि सुरुवातीच्या व शेवटच्या गुणांतला सहसंबंध ०.६ निघाला, तर गटात ४० पुरतात. वीस टक्के गळती धरली की एकूण १००. साठात हे बसत नाही. गाईडशी आत्ताच बोला. एकतर संख्या वाढवा, नाहीतर शीर्षकातच 'प्राथमिक अभ्यास' असं स्वच्छ लिहा. आणि ब्रिटनच्या त्या चाचणीतला दोन गटांमधला फरक ०.५ नव्हता, सुमारे पाव गुण होता, हेही लक्षात ठेवा. ०.५ ही एका माणसाला जाणवणारी पायरी आहे. गटाच्या सरासरीतला फरक त्याहून कमी निघाला म्हणून कुणालाच उपयोग झाला नाही असं होत नाही. म्हणून किती टक्के पेशंट ०.५ किंवा अधिक सुधारले हेही दोन्ही गटांत मोजा. शिवाय आधीच एसीटी २४ असलेले पेशंट घेऊ नका. त्यांना सुधारायला जागाच नसते.

एवढं झाल्यावर प्रश्न कसा विचारायचा ते. माझ्या मते मापनाचा अर्धा भाग इथंच असतो. मी पूर्वी जिथं काम करायचो तिथं आम्ही एका अभ्यासासाठी इंग्रजी प्रश्नावलीचं घरच्या घरी मराठी केलं होतं. 'शॉर्टनेस ऑफ ब्रेथ' ला लिहिलं 'दम लागणे'. पेशंट म्हणायचे, डोंगर चढल्यावर दम लागतोच की साहेब. नेब्युलायझरला लिहिलं 'वाफ'. मग तुळस-निलगिरी घालून पातेल्यावर डोकं झाकून घेतलेली वाफही त्यात मोजली गेली. निम्मे फॉर्म भरल्यावर हे ध्यानात आलं आणि तो सगळा डेटा टाकून द्यावा लागला. पेशंटनी दिलेला तेवढा वेळ वाया गेला, याचं मला आजही वाईट वाटतं.

म्हणून या प्रश्नावल्यांच्या हक्कधारकांकडे लेखी परवानगी मागा आणि त्याच पत्रात अधिकृत मराठी रूप मागा. त्यांच्यावर स्वामित्वहक्क आहेत, फोटोकॉपी काढून चालत नाही. मराठी रूप नसेल तर रीतसर करावं लागतं: दोघांनी वेगवेगळं भाषांतर करायचं, मग एकत्र बसून एक करायचं, मूळ न पाहिलेल्या तिसऱ्यानं ते परत इंग्रजीत न्यायचं, फरक तपासायचे आणि शेवटी पेशंटना वाचून दाखवून 'तुम्हाला यातून काय कळलं' असं विचारायचं. 'धाप', 'छाती भरणं', 'छाती वाजणं', 'खोकल्याची ढास' हे शब्द जिल्ह्यागणिक थोडे बदलतात. तुमच्या भागात कोणता चालतो हे सिस्टरांना विचारा, त्यांना आपल्यापेक्षा जास्त माहीत असतं.

'तुमच्या दम्यामुळे' असं विचारलं की काहीजण सरळ सांगतात, मला दमा नाही, ॲलर्जी आहे. लग्नाच्या मुलीच्या बाबतीत आई तर तो शब्द उच्चारू देत नाही. पेशंट अभ्यासात घेतानाच शांतपणे, दार लावून हे बोलून घ्या. नाहीतर तो माणूस सगळीकडे 'काही त्रास नाही' अशी खूण करील आणि तुम्हाला कारण कळणार नाही.

प्रश्न विचारणारा माणूस व्यायाम शिकवणारा नसावा. आपले पेशंट भिडस्त असतात. ज्यानं तीन महिने मनापासून शिकवलं, त्याच्या तोंडावर 'फरक नाही' असं म्हणवत नाही त्यांना. कोण कोणत्या गटात आहे हे माहीत नसलेला इंटर्न किंवा सोशल वर्कर चालेल, पण सुरुवातीला आणि शेवटी तोच हवा. फॉर्म आधी, स्पायरोमेट्री आणि तुमची तपासणी नंतर. 'फुंकर छान मारली हं' हे शब्द कानावर पडले की पुढची उत्तरं बदलतात. आणि बरोबर आलेल्या सासूबाईंना किंवा नवऱ्याला बाहेर बसवा. रात्री कितीदा जाग येते याचं उत्तर ते देतात आणि पेशंट मान डोलावतो. वाचता न येणाऱ्यांना सगळ्या पर्यायांसकट प्रश्न वाचून दाखवा, आपल्या शब्दांत समजावू नका. फॉर्मवर 'स्वतः भरला' की 'विचारून भरला' हे लिहा, आणि एकाच पेशंटची पद्धत मध्येच बदलू नका.

'गेल्या चार आठवड्यांत' म्हटलं की बरेचजण 'यंदा' असं धरून उत्तर देतात. कॅलेंडर समोर ठेवा आणि त्यांचा एखादा दिवस पकडा: अमुक सणापासून आजपर्यंत, किंवा मागच्या चार बाजारांत. मोसमाचंही बघा. मे महिन्यात पहिला फॉर्म आणि ऑगस्टमध्ये शेवटचा असेल, तर मधला पावसाळा तुमच्या व्यायामापेक्षा मोठा बदल घडवील. थंडीत आणि दिवाळीच्या धुरात तेच. दोन्ही गटांत पेशंट एकाच वेळी, चिठ्ठ्या टाकल्यासारखे यादृच्छिक पद्धतीनं घातलेत तर हे दोन्हीकडे सारखं लागू होतं. आधी ३० व्यायामाचे आणि मग ३० साधे असं करू नका. आणि साध्या गटालाही तितक्याच वेळा बोलावून पंप नीट कसा ओढायचा ते शिकवा. नाहीतर जे मोजलं तो व्यायामाचा परिणाम की आपुलकीचा, हे सांगता येणार नाही.

मास्टर चार्ट (सगळ्या पेशंटचे आकडे एकत्र मांडलेला तक्ता) करताना प्रत्येक रकान्याच्या डोक्यावर 'जास्त म्हणजे चांगलं' की 'जास्त म्हणजे वाईट' हे लिहून ठेवा. मिनी एक्यूएलक्यू आणि एसीटी दोन्हींत जास्त म्हणजे चांगलं, त्यामुळे तुमचं काम सोपं आहे. गाईडनी आग्रहानं एसीक्यू घालायला लावली तर ती उलटी धावते.

इथिक्स कमिटीकडे कागद देण्याआधी पाच पेशंटना दोन्ही प्रश्नावल्या भरायला द्या, घड्याळ लावा, आणि प्रत्येकाला शेवटी विचारा की कोणत्या प्रश्नाशी अडलात. त्यांतला निदान एक जण शाळा न शिकलेला आणि एक जण लांबच्या गावाहून आलेला असू द्या. त्यांनी काय सांगितलं ते मला जरूर कळवा, मग निकष आणि वेळापत्रक आपण पुन्हा एकदा बघू.